विमा कंपनी निवडताना क्लेमचा दिवस डोळ्यांसमोर ठेवा

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरी भागात मुठेचं पाणी शिरलं. माझी आत्या त्याच परिसरात तळमजल्यावर राहते. पाणी ओसरलं तेव्हा पार्किंगमधल्या तिच्या गाडीच्या सीटपर्यंत गाळ होता. आतेभावाने घाईघाईने किल्ली लावली आणि सेल्फ मारला. गाडी निदान गल्लीबाहेर काढावी, एवढाच त्याचा हेतू. इंजिन एकदा घरघरलं आणि गप्प झालं. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं होतं, त्यात सेल्फ मारल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. सर्व्हेयर आला, त्याने सीट, कार्पेट, वायरिंगचं नुकसान लिहून घेतलं आणि इंजिनच्या रकान्यात काट मारली. पुरामुळे झालेलं नुकसान पॉलिसीत होतं, पण पाण्यातली गाडी चालू केल्यामुळे इंजिन बिघडलं तर त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. ते घेतलेलं नव्हतं. आदल्या वर्षी मोबाइलवर सगळ्यात स्वस्त दिसलेली पॉलिसी आतेभावाने दोन मिनिटांत घेतली होती.

घराची गोष्ट त्याहून वाईट. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन कपाटं, गाद्या, सगळं गेलं. आत्या ठामपणे म्हणत होती, "घराचा विमा आहे, कर्ज घेतलं तेव्हाच बँकेने काढून घेतलाय." मी फाइल उघडून बघितली. तो घराचा विमा नव्हताच. कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज फेडणारा तो आयुर्विमा होता. हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवून घेतला होता आणि आठ वर्षं आत्या निर्धास्त होती.

त्या आठवड्यात मी बरीच कागदपत्रं वाचली, बऱ्याच लोकांशी बोललो. तेव्हापासून विम्याबद्दल कोणी विचारलं की मी एकच सांगतो: हप्ता भरण्याचा दिवस विसरा आणि क्लेमचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गाडी गाळात आहे, घरात गुडघाभर चिखल आहे, अशा वेळी फोन कोण उचलेल, गाडी कुठे जाईल, पैसे किती आणि कशाचे मिळतील, या प्रश्नांची उत्तरं ज्या कंपनीकडून आज मिळतात ती कंपनी घ्या.

आधी गाडीचं बघू. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये ठरले. हा दर सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. त्यामुळे "आमच्याकडे स्वस्त" असं कोणी म्हणालं, तर ती स्वस्ताई दुसऱ्या भागात, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईत कुठेतरी केलेली असते. ती नेमकी कुठे केली आहे ते शोधायचं.

बहुतेक वेळा ती आयडीव्हीमध्ये असते. आयडीव्ही म्हणजे कंपनीने धरलेली गाडीची आजची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर आयडीव्हीवरच भरपाई ठरते. गाडीच्या वयानुसार किंमत किती उतरवायची याचं कोष्टक ठरलेलं आहे. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. म्हणजे शोरूममध्ये नऊ लाखांना मिळणारी गाडी अडीच वर्षांची झाली की तिची आयडीव्ही सहा लाख तीस हजारांच्या आसपास हवी. मोबाइलवर दर बघताना एखादी कंपनी ती गुपचूप पाच लाख धरते आणि हप्ता हजार-बाराशेने कमी दाखवते. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना आयडीव्हीचा आकडा आधी सारखा करून घ्या. तो सारखा केल्यावर बऱ्याच 'स्वस्त' पॉलिस्या बाकीच्यांच्याच रांगेत येऊन बसतात.

दुसरी काटछाट सुट्या भागांत होते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून सरसकट ५० टक्के घसारा कापतात. पत्र्याच्या भागांना वयानुसार कापतात, काचेला कापत नाहीत. आजच्या गाडीचा पुढचा बराचसा भाग प्लास्टिकचा असतो हे लक्षात घ्या, म्हणजे रिक्षाला जरासा धक्का लागला तरी निम्मं बिल आपल्या खिशातून का जातं ते कळेल. हा घसारा कापला जाऊ नये यासाठीच झीरो डेप हे कव्हर असतं. पण झीरो डेपच्याही अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात: वर्षात किती क्लेम चालतील, किती वर्षं जुन्या गाडीला ते मिळेल, ऑइल, कूलंट, नट-बोल्ट यांचा खर्च धरला आहे का. हे प्रश्न विचारताना लाजू नका. उत्तर तोंडी मिळालं तर "हेच मला ई-मेलवर पाठवा" असं म्हणा. ई-मेल आली नाही, तर त्या कंपनीबद्दल आपल्याला पुरेसं कळलेलं असतं.

इंजिन प्रोटेक्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमची गाडी पुण्यात नाल्याकाठच्या सोसायटीत, मुंबईत सखल भागात, सांगली-कोल्हापुरात नदीकाठी किंवा चिपळूणच्या बाजारपेठेत उभी राहत असेल, तर हे कव्हर घ्याच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरातलं सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ च्या पुरातलं चिपळूण ज्यांनी बघितलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि कव्हर असलं तरी पाण्यात उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवू नका. शक्य असेल तर बॅटरीची तार काढा, फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि गाडी टो करूनच न्या.

आता कंपनी निवडायची कशी? जाहिरातीत 'देशभरात इतके हजार कॅशलेस गॅरेज' असं लिहिलेलं असतं. देशभरातल्या गॅरेजांचा लातूरच्या माणसाला उपयोग नाही. आपण गाडी जिथे दुरुस्त करतो त्याच वर्कशॉपमध्ये जा, तिथे बॉडीशॉपचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा आणि विचारा की कोणत्या कंपनीची मंजुरी लवकर येते, कोणती कंपनी बिलात जास्त कापते, कोणत्या कंपनीचे पैसे अडकतात म्हणून तुम्ही कॅशलेस देत नाही. हा माणूस वर्षभर सर्व्हेयरांशी रोज बोलत असतो. त्याच्याकडची माहिती कुठल्याही संकेतस्थळावरच्या ताऱ्यांपेक्षा मोलाची. आत्याच्या गाडीच्या निमित्ताने मी तीन वर्कशॉपमध्ये हे विचारलं आणि तिन्ही ठिकाणी जवळपास तीच दोन नावं चांगली म्हणून पुढे आली. तुमच्या गावात ती वेगळी असतील, म्हणून इथे लिहीत नाही. कॅशलेस म्हणजे एकही पैसा भरावा लागत नाही, असा समजही करून घेऊ नका. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपलेच असतात. कापलेला घसाराही आपणच भरायचा असतो.

सरकारी की खासगी, हा प्रश्न मला हमखास विचारतात. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल या चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्या. त्यातली न्यू इंडिया १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी मुंबईत सुरू केली. या कंपन्यांची कार्यालयं जिल्ह्याच्या, कधी कधी तालुक्याच्याही गावी आहेत. तिथे साहेबांच्या समोर खुर्चीत बसून कागद पुढे करता येतो आणि अडलेल्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो. खासगी कंपन्यांचं काम फोनवर झटपट होतं. बारीक नुकसानीचा व्हिडिओ पाठवला की काही तासांत मंजुरी येते. माझ्या मते, शहरात राहणाऱ्या आणि मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या माणसाने खासगी कंपनीला घाबरायचं कारण नाही. गावाकडच्या वडिलांच्या नावावर गाडी असेल तर मात्र जवळ कार्यालय किंवा ओळखीचा एजंट असलेली कंपनीच घ्यावी, मग हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल. चांगला एजंट क्लेमच्या दिवशी कमिशनच्या दुप्पट काम करतो. तो चांगला आहे की नाही हे ओळखायला त्याच्या जुन्या दोन ग्राहकांना फोन करा आणि विचारा, "क्लेम झाला तेव्हा हा आला होता का?" शोरूमवाला "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल" असं म्हणाला तर त्याला शांतपणे नाही म्हणा. तशी सक्ती त्याला करता येत नाही.

आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. 'क्लेम रेशो' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी फिरत असतात. आलेल्या क्लेमपैकी किती निकाली काढले, हा एक आकडा. कमावलेल्या हप्त्यांपैकी किती रक्कम क्लेमवर खर्च झाली, हा दुसरा. दुसरा आकडा फार कमी असेल तर कंपनी हात आखडता घेते की काय अशी शंका घ्यायला जागा असते. पण तो शंभराच्या वर गेला तर कंपनीचं कसं चाललं आहे याचीही चौकशी करायला हवी. दोन्ही आकड्यांत आरोग्यविमा, पीकविमा सगळं मिसळलेलं असू शकतं, म्हणून मोटारीचा वेगळा आकडा शोधा. प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर 'पब्लिक डिस्क्लोजर' या पानावर हे आकडे दर तिमाहीला टाकावे लागतात. क्लेम किती दिवस प्रलंबित आहेत आणि किती तक्रारी आल्या तेही तिथेच असतं. मला विचाराल तर ते प्रलंबित क्लेमचं कोष्टक आधी बघा. देणी भागवण्याची कंपनीची कुवत दाखवणारा सॉल्व्हन्सी रेशो १.५ च्या खाली नसावा असा विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा नियम आहे. तोही तिथेच दिसतो.

कंपनी बदलायला लोक घाबरतात, कारण 'नो क्लेम बोनस जाईल'. तो जात नाही. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनी बदलली किंवा जुनी गाडी विकून नवी घेतली, तरी तो आपल्यासोबत येतो. पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर स्वतःच्या गाडीच्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट, पाच वर्षांनंतर ५० टक्के. मात्र पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झालं पाहिजे, नाहीतर सगळा बोनस पुसला जातो. यातून एक साधा हिशेब निघतो. स्वतःच्या गाडीच्या भागाचा हप्ता आठ हजार असेल आणि ५० टक्के बोनस असेल तर आपण चार हजार वाचवतो आहोत. तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम केला तर पुढच्या वर्षी ते चार हजार जातात आणि पायरी पुन्हा खालून चढावी लागते. बारीक दुरुस्त्या खिशातून करा. आणि क्लेम घेतलेला असताना नव्या कंपनीला "घेतला नाही" असं सांगून बोनस लावून घेऊ नका. मोठ्या क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडे चौकशी होते आणि तिथे आपलीच बाजू लंगडी पडते. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसी बुकवर आणि पॉलिसीवर न चढवणं, खासगी गाडीने भाडी मारणं, चालवणाऱ्याचं लायसन्स संपलेलं असणं, यांतही असंच होतं. यात कंपनी कितीही चांगली असली तरी ती काही करू शकत नाही.

आता घराकडे येऊ. इथे बहुतेक मराठी घरांत पाटी कोरीच असते. घर बांधायला किंवा घ्यायला आयुष्याची कमाई लागते आणि त्याचा विमा मात्र कोणी काढत नाही. चार वर्षं जुन्या दुचाकीचा काढतो, पण घराचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हापासून लातूर-धाराशिवकडे तरी हा विचार रुजायला हवा होता.

घराच्या विम्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एक प्रमाणित पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणं, वीज पडणं, दंगल हे सगळं तिच्यात येतं आणि तिच्या मूळ अटी सगळ्या कंपन्यांत सारख्या आहेत. त्यामुळे घरासाठी कंपन्यांची तुलना करताना हप्ता आणि सेवा एवढंच बघायला लागतं. विक्रेत्याने दुसरीच एखादी चकचकीत नावाची पॉलिसी पुढे केली तर "भारत गृह रक्षापेक्षा यात काय जास्त आणि काय कमी?" असं विचारा.

विम्याची रक्कम ठरवताना लोक फ्लॅटचा बाजारभाव सांगतात आणि हप्ता ऐकून मागे फिरतात. बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही, वाहून जात नाही. घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल तेवढीच रक्कम धरायची. ७०० चौरस फूट कार्पेट क्षेत्र आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला अडीच हजार धरला, तर साडेसतरा लाख. या रकमेच्या २० टक्के, म्हणजे साडेतीन लाखांपर्यंत घरातल्या सामानाला कव्हर आपोआप मिळतं. त्याची वरची मर्यादा दहा लाख आहे. सामान जास्त मोलाचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि बांधकाम महागतं म्हणून विम्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत जाते. अशा घराचा वर्षाचा हप्ता हॉटेलातल्या एका कौटुंबिक जेवणाच्या बिलाएवढा निघतो. खरंच कोटेशन मागवून बघा.

या पॉलिसीत काय नाही तेही नीट ऐका. साधी घरफोडी यात येत नाही. पूर-आगीसारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी येते. चोरीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठीही वेगळं कलम जोडावं लागतं. मुंबईत नोकरी आणि कोकणात गणपती-शिमग्यापुरतं उघडणारं घर, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी घर महिनोन्महिने बंद असतं हे अर्जात स्पष्ट लिहावं आणि बंद काळात काय चालेल, काय नाही, ते कंपनीकडून लेखी घ्यावं. जुना वाडा असेल, मातीच्या भिंती असतील, तर तेही लपवू नये. भाड्याने राहणाऱ्यांना फक्त सामानाचा विमा घेता येतो, ही गोष्ट पुण्या-मुंबईतल्या कितीतरी भाडेकरूंना माहीतच नसते.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. आदर्श उपविधींनुसार इमारतीचा विमा काढणं सोसायटीचं काम आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींना विचारा की पॉलिसी चालू आहे का, रक्कम किती आहे आणि शेवटची कधी वाढवली. पंधरा वर्षांपूर्वीची रक्कम तशीच चालू असेल तर ती आजच्या बांधकामाला पुरणार नाही. आणि घरकर्ज असेल तर आजच फाइल काढून बघा, तुमच्या पॉलिसीवर घराचा पत्ता आणि चौरस फूट आहेत की फक्त तुमचं नाव आणि कर्जाची रक्कम. आत्याच्या कागदावर नुसतं नाव आणि रक्कम होती. बँक घराचा विमा काढा असं म्हणू शकते, पण तो अमुकच कंपनीचा काढा अशी सक्ती करू शकत नाही.

क्लेमच्या वेळी काय मागायचा हक्क आहे, हे माहीत असेल तर निम्मी लढाई सोपी होते. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सूचना मिळाल्यावर २४ तासांत सर्व्हेयर नेमला गेला पाहिजे, त्याने १५ दिवसांत अहवाल दिला पाहिजे आणि अहवाल आल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय दिला पाहिजे. गाडी चोरीला गेली तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार आणि लगेच कंपनीला फोन. पोलिसांकडे तातडीने तक्रार केलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते मंजूर करू शकतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आयआरडीएआयच्या १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते.

आत्याने यंदा गाडी आणि घर, दोन्हींच्या पॉलिस्या नव्याने घेतल्या. गाडीची कंपनी वर्कशॉपमधल्या माणसाला विचारून ठरवली, इंजिन प्रोटेक्शन घेतलं. घरासाठी भारत गृह रक्षा घेतली, चोरीचं कलम जोडलं. मग एका रविवारी आतेभावाने मोबाइल घेऊन घरभर फिरत व्हिडिओ काढला. प्रत्येक कपाट उघडं करून आतल्या वस्तू, फ्रिज, टीव्ही आणि मशीन यांच्या मागच्या पट्टीवरचे नंबर, खरेदीच्या पावत्या. सात-आठ मिनिटांचा तो व्हिडिओ, दोन्ही पॉलिसींचे नंबर आणि सर्व्हेसाठी फोन करायचा क्रमांक हे सगळं तिने नागपूरला राहणाऱ्या मुलीला पाठवून ठेवलं आहे, म्हणजे इथला मोबाइल भिजला तरी तिथून फोन करता येईल.